अकरा नंबरचा किनारा

तिनं तक्त्यात अकरा नंबरसमोर ‘कोरा’ असं लिहिलं आणि फोन कानाला तसाच धरून ठेवला, कारण नानांचं सांगणं अजून संपलं नव्हतं.

“एक बाटली आलीय वाहून. हिरवी. बूच घट्ट.”

“उघडलीत का?”

“उघडतोय कशाला! कुणाचं काय कोंडलेलं असेल आत. सकाळी सकाळी गळ्यात पडायचं.”

ती हसली. शेऱ्याच्या रकान्यात तिनं ‘हिरवी बाटली, बूच घट्ट’ असं लिहून टाकलं. असल्या नोंदींचा मॉडेलला कवडीचा उपयोग नव्हता, पण वडिलांच्या ओळीतला शेरा तिनं कधी रिकामा सोडला नव्हता. खुर्चीचा पाय. लाल चप्पल, डाव्या पायाची. बदकासारखे दिसणारे पण बदक नसलेले चार पक्षी. एकदा तर अख्खं दार, कडीसकट. तो रकाना वरून खाली वाचत गेलं की तिला झोप आणि जाग यांच्या मधल्या पायरीवर बसल्यासारखं वाटायचं. कामाचा कंटाळा आला की ती तोच वाचत बसायची.

तिचं काम सांगायला सोपं होतं. दूर समुद्रात शेवाळाची तरंगती बेटं होती, सोनेरी, काही गल्लीएवढी, काही गावाएवढी. त्यांना मूळ नाही, तळ नाही. प्रवाह नेईल तिकडं जायचं आणि वारा ढकलेल तसं थोडं सरकायचं, एवढाच त्यांचा संसार. उपग्रह ती वरून बघायचा, मॉडेल प्रवाहाचं गणित मांडायचं, आणि ती बेटं कुठल्या किनाऱ्याला लागतील ते तिनं सांगायचं. रोज पावणेसातला रेडिओवरची बाई झोपाळू आवाजात तिचा अंदाज वाचायची. एक नंबर, तुरळक. दोन नंबर, कोरा. तीन नंबर, पट्टा. सगळ्यात वाईट म्हणजे ढीग. ते ऐकून खाडीत मासे पाळणारी माणसं आपले जाळीचे पिंजरे हलवायचे की राहू द्यायचे ते ठरवत. शेवाळ पिंजऱ्यांवर साचलं की खालच्या पाण्यातली हवा संपते आणि मासे जागच्या जागी गुदमरतात.

सगळी गोम एका आकड्यात होती. वारा शंभर पावलं चालला तर शेवाळ किती चालतं? कुणी एक म्हणे, कुणी तीन. तिनं सुरुवातीला आपले दोन धरले आणि किनाऱ्यावरच्या माणसांना रोज खरं काय ते विचारून आकडा पारखायचा असं ठरवलं. एकोणीस किनारे, एकोणीस माणसं. त्यातली अठरा माणसांसारखी वागली. लग्नाला गेली, आजारी पडली, विसरली, कंटाळली. अकरा नंबरवर मात्र नाना होते. जेटीवर तीस वर्षं तिकिटं फाडून निवृत्त झालेले नाना सात वाजता किनारा चालून यायचे आणि साडेसातला ती फोन करायची. एका दिवसाचा खाडा नाही. साहजिकच मॉडेल त्यांच्यावर सगळ्यांत जास्त विसंबायचं. म्हणजे तिनंच त्याला तसं शिकवलं होतं. आणि अकरा नंबरवर तिचा अंदाज शंभरातले सत्त्याण्णव दिवस बरोबर यायचा. मग आकडा दोनवरून हलणार कशाला? येत्या शुक्रवारी तो पूर्ण हंगामासाठी कायम व्हायचा होता.

“ताई, जरा इकडं बघता का?”

हा दुर्बीण. उपग्रहाची चित्रं वाचायचं काम त्याच्याकडं होतं आणि चष्मा असा जाड, की सगळं ऑफिस त्याला दुर्बीणच म्हणायचं. तोही बिचारा ओ द्यायचा.

जुन्या उपग्रहाला किनाऱ्यालगतचं दिसत नसे. जमिनीच्या उजेडानं तिथं त्याचे डोळे दिपायचे. म्हणून नकाशात किनाऱ्याला चिकटून एक रिकामी पट्टी सोडलेली असायची. नवा उपग्रह बारकाईनं बघणारा होता. पाच दिवसांनी एकदा यायचा आणि आभाळ मोकळं असलं तर थेट वाळूपर्यंत बघायचा.

“हा अकरा नंबर. अकरा दिवसांपूर्वी. हा सहा दिवसांपूर्वीचा. आणि हा कालचा.”

तिन्ही चित्रांत तो अर्धगोल किनारा काठोकाठ पिवळा होता.

“ढगाची सावली असेल.”

“सावली पिवळी नसते, ताई.”

“मग ओली वाळू.” तिचा आवाज चढला. “अरे, हातच्या कांकणाला आरसा कशाला? माझा बाप रोज तिथं उभा असतो. तुझा उपग्रह सातशे किलोमीटरवरून बघतो, नाना सात पावलांवरून बघतात!”

दुर्बिणीनं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत घातला.

“म्हणून तर तुम्हालाच दाखवतोय,” तो हळूच म्हणाला. “अजून साहेबांना नाही दाखवलं.”

ती काही बोलणार तेवढ्यात तिचा फोन वाजला. चौदा नंबरच्या खाडीतली पिंजरेवाली बाई होती.

“तुम्ही कोरा म्हणालात, म्हणून मी पिंजरे हलवले नाहीत,” ती म्हणाली. “सगळे पोट वर करून तरंगतायत. मी भांडायला फोन नाही केला हो. एवढंच विचारायचंय, की उरलेत त्यांच्यासाठी उद्या काय धरून चालू?”

या हंगामातला हा तिसरा असा फोन. रोज एकोणीस किनाऱ्यांचं भविष्य सांगणाऱ्या तिला या एका बाईला काय सांगावं ते सुचेना. “संध्याकाळी सांगते,” एवढं कसंबसं म्हणून तिनं फोन ठेवला आणि रजेचा अर्ज लिहायला घेतला.

बस चार तासांची. खिडकीतून दुपारचं ऊन मांडीवर येत होतं, जात होतं, परत येत होतं. आपण शेवटचं घरी कधी गेलो, याचा तिनं हिशोब लावायला घेतला आणि तो लागेचना. परवाच गेल्यासारखं वाटत होतं. नानांच्या गुडघ्याची कुरकुर, खोकला, शेजारच्या काकूंची भांडणं, सगळं तिला ठाऊक होतं. मग आठवलं, दोनदा ती निघाली होती. एकदा नाना म्हणाले, घराला रंग काढलाय, बसायला जागा नाही. एकदा म्हणाले, मीच मित्राकडं चाललोय. तिलाही फार चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. रोज बोलतोच की आपण! डोळा लागला तेव्हा बस पाण्यावरून चालली होती, अगदी सावकाश, आणि दोन्ही बाजूंनी त्या रकान्यातल्या वस्तू तिच्याबरोबर वाहत होत्या. खुर्चीचा पाय, लाल चप्पल, कडीचं दार. दाराची कडी आतून वाजत होती. उठून उघडावं असं तिला फार वाटत होतं, पण हातपाय शेवाळासारखे मऊ झाले होते. कंडक्टरनं खांद्याला हात लावला तेव्हा तिला जाग आली.

वास दोन वळणं आधीच आला. नासलेल्या अंड्यांचा. तिनं ओढणी नाकाला लावली आणि घराकडं न वळता ती आधी किनाऱ्यावर गेली.

वाळू कुठं दिसतच नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत गुडघाभर शेवाळ. ती त्यात उतरली. वर आज आलेलं सोनेरी, खाली तपकिरी, त्याच्याखाली काळं, चिकट, जुनं. हे अकरा दिवसांचं नव्हतं. महिनोन्‌महिने येत होतं, कुजत होतं, त्यावर पुन्हा येत होतं. आणि तिच्या तक्त्यात कोरा, कोरा, तुरळक, कोरा. एखादी लाट आली की सगळा किनारा झोपेत कूस बदलावी तसा थोडा हलायचा आणि परत पडून राहायचा. ती बराच वेळ तिथंच उभी राहिली. मुलीनं बापाचा शब्द प्रमाण मानला होता आणि बापानं, आता तिच्या लक्षात यायला लागलं होतं, मुलीचा. समुद्राला कुणी विचारलंच नव्हतं.

काकू जिन्याच्या तोंडाशीच भेटल्या, हातात झाकलेलं पातेलं.

“आलीस? कुणी सांगितलं तुला?” त्या दचकून म्हणाल्या. “मी नाही हं सांगितलं.”

नाना खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. खिडकीसमोर शेजारच्या घराची भिंत होती, दुसरं काही नाही. खुर्चीजवळ चार पायांची लोखंडी काठी, हाताशी रेडिओ. त्यांनी आधी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं, मग तिच्या पायांकडं. पोटऱ्यांना शेवाळ चिकटलं होतं.

“पाय धुऊन ये,” ते म्हणाले.

ती धुऊन आली आणि खाटेच्या कडेवर बसली.

“कधीपासून?”

“चौदा महिने. खालून दुसऱ्या पायरीवर पाय सटकला. खालच्याच पायरीवर सटकला असता तर एवढं मोडलं नसतं.” त्यांनी हसून बघितलं, पण ती हसली नाही. “खुबा. डॉक्टर म्हणाले, घरातल्या घरात फिराल. फिरतो की.”

“आणि किनारा?”

नाना रेडिओच्या बटणाशी चाळा करत राहिले.

“पडलो त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. रेडिओवर नुकतंच सांगितलं होतं, अकरा नंबर कोरा. तू विचारलंस, मी म्हटलं कोरा. म्हटलं, एका दिवसापुरतं. दुसऱ्या दिवशीही तेच. तुझाच अंदाज तो, शिकलेल्या पोरीचा. चुकेल कशाला?”

“मग शंभरच्या शंभर यायला हवे होते. सत्त्याण्णव कसे आले?”

“मधूनच एखादा दिवस मुद्दाम चुकवायचो. तीस वर्षं तिकिटं तपासलीत मी. नकली तिकीट नेहमी जास्तच करकरीत असतं.”

“आणि बाटली? दार? ते पक्षी?”

“बोलाचीच कढी अन्‌ बोलाचाच भात.” मग जरा थांबून, खालच्या आवाजात, “दार बरं जमलं होतं पण.”

तिला राग आला. चांगलाच आला. ती उठून उभी राहिली.

“मासे मेले, नाना! लोकांचे मासे मेले. तुमच्या कोऱ्यावर मी आकडा धरून बसले आणि तोच सगळ्या किनाऱ्यांना लावला. एक बाई आहे, भांडलीसुद्धा नाही माझ्याशी. उद्या काय धरून चालू, एवढंच विचारत होती. काय सांगू तिला? माझ्या बापानं गंमत केली म्हणून?”

नानांच्या चेहऱ्यावरचा खट्याळपणा उतरला.

“मासे?” ते म्हणाले. “मला वाटलं, एक म्हातारा, एक किनारा. माझ्या एका शब्दानं काय होतंय.”

“तुमच्याच शब्दानं होत होतं. तुमचा एकट्याचा खाडा नव्हता ना.”

हे बोलून गेल्यावर तिचं तिलाच कळलं, की हा दोष नानांचा नव्हता. खाडा नाही म्हणून खरं, असं तिनंच ठरवलं होतं. एवढा नियमित माणूस कुठं असतो का, हा प्रश्न तिला दुसऱ्या कुणाच्या बाबतीत पहिल्या महिन्यात पडला असता. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती परत खाटेवर बसली.

“मला सांगितलं का नाही? पडलात तेव्हा?”

“सांगितलं असतं तर तू आली असतीस.”

“आलेच असते!”

“हो ना. चार दिवस राहिली असतीस. औषधं आणून, काकूंना चार गोष्टी समजावून परत गेली असतीस. मग पुन्हा रविवारचा फोन, कसे आहात, बरा आहे, ठेवते.” नाना भिंतीकडं बघत बोलत होते. “असं रोज तर बोललीस.”

काकूंनी दाराशी पातेलं ठेवलं आणि आवाज न करता निघून गेल्या. रविवारचे ते फोन तिला आठवले. एका हातानं भाजी चिरत केलेले. तिला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही.

“पुसून टाक माझं सगळं,” नाना म्हणाले. “आधीचे चार महिने खरे आहेत, ते राहू दे. तेव्हा चालत होतो.”

तिनं दुर्बिणीला फोन लावला. चौदा महिन्यांपूर्वीची तारीख सांगितली आणि त्या दिवसापासून अकरा नंबरच्या सगळ्या नोंदी काढून गणित नव्यानं चालवायला सांगितलं. साहेबांना ती शुक्रवारी स्वतः सांगणार होती.

“कारण विचारतंय, ताई,” दुर्बीण म्हणाला. “यंत्र बिघाड, खराब हवामान, निरीक्षक गैरहजर, इतर. काय टाकू?”

“इतर.”

“इतर टाकलं की खाली लिहावं लागतं.”

तिनं नानांकडं बघितलं. ते ऐकत नसल्याचं सोंग घेऊन बसले होते.

“लिही, मुलीनं जाऊन बघितलं नाही.”

तासाभरानं त्याचा फोन आला. आकडा दोनवरून हलला होता आणि तीनच्या जरा अलीकडं जाऊन थांबला होता. मग तिनं पिंजरेवालीला फोन केला. उद्या चौदा नंबरला पट्टा धरा, पिंजरे आजच खाडीत आत ओढा, आणि झालेली चूक माझी होती, असं तिनं स्पष्ट सांगितलं. “बरं,” बाई म्हणाली, “ओढते.”

सकाळी पावणेसातला दोघंही रेडिओशेजारी बसले. तीच झोपाळू बाई. दहा नंबर, पट्टा. अकरा नंबर, ढीग. नानांनी मान डोलावली आणि रेडिओ बंद केला. मग दोघं चहा पीत बसले आणि तिच्या लक्षात आलं, की समोरासमोर त्यांना बोलायला काही सुचत नाहीये. साखर पुरे का. हो. रंग खरंच काढला होता का. नाही. घड्याळात सात वीस झाले, पंचवीस झाले. नाना टेबलावरचा फोन उगाच सरळ करून ठेवत होते.

ती उठली, चपला घातल्या आणि काही न सांगता जिना उतरली. साडेसातला ती किनाऱ्याच्या अलीकडच्या टोकाशी उभी होती.

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

“नाना, कागद घ्या. आजपासून तुम्ही लिहायचं.”

पलीकडं ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, काहीतरी खाली पडलं, मग पेन्सिल सापडली.

“हं.”

“अकरा नंबर. ढीग. माझ्या गुडघ्याच्या वर.”

“ढीग,” नाना पुटपुटले. “शेरा?”

तिनं बघितलं. ऊन नुकतंच पाण्यावर आलं होतं आणि लांबवर, अजून न पोचलेलं शेवाळ सोन्याच्या चुऱ्यासारखं हेलकावत होतं.

“एक खेकडा आहे, नखाएवढा, शेवाळावरनं चाललाय. त्याला वाटतंय जमीनच आहे. पलीकडं कुणीतरी फावडं टोचून ठेवलंय, जवळ माणूस नाही. जेटीच्या तिसऱ्या खांबाला एक दोरी—”

“थांब, थांब.” नानांचा श्वास ऐकू येत होता. “तिसरा म्हणजे कुठला? मी बसायचो तिथून तिसरा?”

“तुम्ही बसायचात तिथून.”

“हं. तो झिजलाय खालून. दिसतोय का?”

“जवळ जाऊन बघते.”

“हळू सांग, चिंगे. मला सगळं लिहायचंय. घाई नाही ना तुला?”

“नाही,” ती म्हणाली, आणि फोन कानाशी धरून शेवाळात उतरली.